मिनी ट्रॅक्टरला ग्रास कटर जोडताय? शाफ्टच्या या चुका टाळा

पाऊस उघडला की बेळगावजवळच्या खानापूर भागात काजू-आंब्याच्या बागांत गवत कमरेला लागतं. विळा घेऊन येणारी माणसं वेळेवर मिळत नाहीत, म्हणून 18 ते 28 एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे ग्रास कटर अशी जोडी आता बऱ्याच घरांत आली आहे. आमच्या सीमाभागात त्यात आणखी एक गंमत असते. ट्रॅक्टर कोल्हापूरकडून जुना आणलेला, कटर बेळगावात घेतलेला आणि ट्रॅक्टरची ताकद कटरपर्यंत नेणारा शाफ्ट घरच्याच जुन्या रोटाव्हेटरचा. तीन ठिकाणच्या तीन वस्तू एकमेकींना जुळतीलच असं कुणी सांगितलेलं नसतं. दाते जुळले, शाफ्ट आत गेला, की झालं असं आपण धरून चालतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लांबी न मोजणं. माझा कटर नवा होता, शाफ्ट त्याच्यासोबतच आलेला. विक्रेत्याच्या माणसानं कटर जमिनीवर ठेवून शाफ्ट जोडून दिला, छान बसला. दुसऱ्या दिवशी बांध ओलांडायला हायड्रॉलिकनं कटर उचलला आणि मागून कडाड असा आवाज आला. संध्याकाळी पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ज्या फिरत्या दांड्याला शाफ्ट जोडतात त्याच्या, सीलमधून तेल ठिबकत होतं. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून टेकल्या होत्या. पुढे सरकायला जागा नाही म्हटल्यावर सगळा रेटा पीटीओच्या बेअरिंगवर आला. कंपनी शाफ्ट लांबच देते, कारण तो मोठ्या ट्रॅक्टरलाही पुरला पाहिजे. छोट्या ट्रॅक्टरला तो बहुतेक वेळा कापावाच लागतो.

मोजायचं कसं? शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक पीटीओला, दुसरा कटरच्या गिअरबॉक्सला बसवा. आता कटर हळूहळू वर-खाली करत दोन्ही टोकांमधलं अंतर सगळ्यात कमी कुठं होतं ते शोधा. बहुतेक जोडणीत पीटीओ आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका पातळीत आले की अंतर सगळ्यात कमी असतं, म्हणून फक्त जमिनीवर किंवा फक्त पूर्ण वर धरून मोजलं तर फसगत होते. त्या जागी इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, कटरखाली लाकडी ठोकळे लावा आणि मगच मध्ये जा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कटरखाली हात घालू नका. दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरा आणि प्रत्येक नळीचं टोक समोरच्या भागात जिथं टेकणार त्याच्या किमान 25 मिलिमीटर अलीकडे खूण करा. आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापायची, प्लॅस्टिकचं कव्हरही तेवढंच. कापल्यावर कड कानसीनं घासून काढा, आतला चुरा पुसा, ग्रीस लावा. मग कटर सगळ्यात लांब जातो त्या स्थितीत बघा: नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहिल्याच पाहिजेत. त्याहून कमी राहत असतील तर शाफ्ट आखूड आहे, वेल्डिंगनं जोड देऊन चालवू नका. दुसरा शाफ्ट घ्या. कापायचं काम घरी जमणार नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची कमी नाही. फक्त माप आपल्या ट्रॅक्टरवर आपणच घेऊन जायचं.

दुसरी चूक दिसत नाही, ऐकू येते. शाफ्टच्या सांध्यात अधिक-चिन्हासारखा तुकडा असतो, तो क्रॉस. तो धरणारी जी बेचकी असते, तिला योक म्हणतात. दोन्ही नळ्यांच्या टोकांवरचे योक एका रेषेत हवेत. चौकोनी नळी असेल तर ती पाव फेरा चुकवूनही आत जाते आणि मग कटर कितीही खाली-वर केला तरी घरघर थांबत नाही. लोक पात्यांना दोष देतात, पाती बदलून आणतात. आधी इंजिन बंद करून शाफ्टकडे बाजूनं बघा.

घरघर फक्त कटर उचलल्यावर होत असेल तर कारण वेगळं, तिथं कोन जास्त होतोय. काम करताना कोन 15 अंशांच्या आत ठेवा आणि पूर्ण उचलण्याआधी पीटीओ बंद करा. पीटीओचा आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकमेकांना समांतर राहतील अशी टॉप लिंक, म्हणजे कटरला धरणारा वरचा दांडा, फिरवून घ्या. लोअर लिंकच्या, म्हणजे खालच्या दोन दांड्यांच्या, बाजूच्या साखळ्या ढिल्या असतील तर कटर डुलतो आणि क्रॉस लवकर जातो.

शाफ्ट बसत नाही म्हणून हातोडी मारणारे मी पुष्कळ पाहिले. छोट्या ट्रॅक्टरवर सहसा 35 मिलिमीटरचा, 6 दात्यांचा पीटीओ असतो. दाते पुसा, ग्रीसचा हात फिरवा, पीटीओ न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हातानं थोडा फिरवा, लॉकची पिन दाबून आत ढकला. पिन खाचेत पडल्याचा टक आवाज यायला हवा. मग शाफ्ट मागे ओढून बघा. आवाज आला तरी ओढून बघाच.

कव्हर काढून टाकण्याबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. ग्रीस करायला अडचण होते म्हणून कव्हर काढतात आणि ते परत लागत नाही. पीटीओचा वेग सहसा 540 आरपीएम असतो, म्हणजे मिनिटाला 540 आणि सेकंदाला 9 फेरे. 5 सेंटिमीटर जाडीची नळी एका सेकंदात सुमारे 1.4 मीटर कापड गुंडाळते. खांद्यावरचा टॉवेल, लुगड्याचा पदर, ओढणी यांतलं काही अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. कव्हर लावा, त्याची साखळी ट्रॅक्टरच्या पक्क्या भागाला बांधा, म्हणजे कव्हर शाफ्टबरोबर फिरणार नाही. त्या साखळीला शाफ्टचं वजन मात्र टांगू नका. चालू शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जाणारा माणूस दिसला तर त्याला वयाचा मान न ठेवता थांबवा.

शिअर बोल्ट तुटला की तिथं हाताला लागेल तो कडक बोल्ट घालणं ही सर्रास सवय आहे. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. खानापूरच्या जांभ्या दगडावर पातं आदळलं की बोल्ट तुटावा, गिअरबॉक्स नाही. सुटे बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. पुन्हा पुन्हा तुटत असतील तर रेस जास्त देऊन पीटीओ जोडताय का ते बघा. कमी रेसवर जोडायचा, मग हळूहळू वाढवायची.

एकाच क्लचचा जुना मिनी ट्रॅक्टर असेल तर एक गोष्ट आधीच करून घ्या. क्लच दाबला तरी फिरती पाती शाफ्टमार्गे ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात, ब्रेक लागायला उशीर होतो आणि पुढे विहीर किंवा बांध असू शकतो. त्यासाठी पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवतात, तो ताकद कटरकडे जाऊ देतो पण उलटी ट्रॅक्टरकडे येऊ देत नाही. तो बसवला की शाफ्टची जागा तेवढीच कमी होते, म्हणून लांबी पुन्हा मोजा.

सगळं जोडून झालं की पहिली दहा मिनिटं कमी गवतात चालवा. इंजिन बंद करून पाती पूर्ण थांबू द्या, मग दोन्ही क्रॉसजवळ हात नेऊन बघा. एक क्रॉस दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर त्याच्या निप्पलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, ग्रीस आत जातंय का ते तपासा. ग्रीस जात असूनही तापत असेल तर त्या बाजूचा कोन पुन्हा बघा.