इंग्रजीचा गृहपाठ घेताना: आधी मराठीत अर्थ, मग इंग्रजीत वाक्य

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी शिकलेल्या पालकांची या भाषेशी ओळख पाचवीत झाली. त्यामुळे मुंबईतील कितीतरी घरांत मुलाचे इंग्रजीचे पुस्तक उघडले की मोठ्या माणसांना संकोच वाटतो आणि शेवटी गाइडमधले उत्तर वहीत उतरवले जाते. हा संकोच अनाठायी आहे. ज्याला मराठीतून नेमके प्रश्न विचारता येतात, त्याला स्वतःचे इंग्रजी बेताचे असूनही मुलाला मोठी मदत करता येते.

उताऱ्यापासून सुरुवात करावी. मुलाने उतारा एकदा मोठ्याने वाचावा. मग पुस्तक पालथे ठेवून, त्यात काय सांगितले आहे ते मराठीत चार वाक्यांत सांगावे. हे सांगता येत नसेल, तर प्रश्नांकडे वळू नये. समजा, उतारा बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीविषयी आहे. ‘कोण, कुठून, कुठे, केव्हा’ हे मूल चटकन सांगते. अडते ते सर्वनामांपाशी. ‘इट’ म्हणजे गाडी की स्थानक, ‘दे’ म्हणजे प्रवासी की डबे, हे न कळल्यामुळे पुढचा सगळा अर्थ बिघडतो. म्हणून प्रत्येक सर्वनामापासून ज्या नामाबद्दल ते आले आहे तिथपर्यंत पेन्सिलने बाण काढायला सांगावे. अनोळखी शब्दासाठी लगेच शब्दकोश उघडू नये. आधी मागचेपुढचे वाक्य वाचून अंदाज बांधू द्यावा, मग तो अंदाज शब्दकोशात पडताळावा.

उत्तर लिहिताना एक चूक हमखास होते आणि तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्रश्न असतो, ‘व्हेन डिड द ट्रेन रन?’ मूल प्रश्नातलेच शब्द उचलून ‘द ट्रेन डिड रन’ असे लिहिते, किंवा दुसऱ्या टोकाला जाऊन ‘डिड रॅन’ लिहिते. इथे मुलाला समजावून सांगावे की प्रश्नात भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचललेला असतो, म्हणून ‘रन’ मूळ रूपात राहते. साध्या होकारार्थी उत्तरात ‘डिड’ निघून जातो आणि तो भार पुन्हा क्रियापदावर येतो, म्हणून ‘द ट्रेन रॅन’. ‘नॉट’ आला की मात्र ‘डिड’ परत येतो, म्हणून ‘डिड नॉट वेन्ट’ चूक आणि ‘डिड नॉट गो’ बरोबर. एवढी एक गोष्ट पक्की झाली, तरी वहीतल्या लाल खुणा बऱ्याच कमी होतात.

स्वतःच्या मनाने लिहिण्याचा भाग अधिक कठीण आहे, कारण मूल विचार मराठीत करते आणि शब्द त्याच क्रमाने इंग्रजीत मांडते. ‘माझा भाऊ काल दादरला गेला’ याचे ‘माय ब्रदर यस्टर्डे दादर वेन्ट’ होते. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय कागदाच्या चिठ्ठ्यांचा आहे. प्रत्येक इंग्रजी शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा आणि ‘कोण, काय केले, कुठे, केव्हा’ या क्रमाने चिठ्ठ्या मुलाच्याच हातांनी लावून घ्याव्यात. मग ‘दादरला’ मधला ‘ला’ कुठे गेला, असे विचारावे. मराठीत तो शब्दाला मागून चिकटतो, तर इंग्रजीत ‘टू’ होऊन शब्दाच्या पुढे उभा राहतो. हा फरक लोकलमध्येही दाखवता येतो: अंतरावर लक्ष देण्याची मराठी सूचना क्रियापदावर संपते आणि इंग्रजी सूचना ‘माइंड द गॅप’ क्रियापदाने सुरू होते.

‘अ’ आणि ‘द’ यांचा घोळ दीर्घकाळ राहतो, कारण मराठीत त्यांना थेट प्रतिशब्द नाहीत. ‘ती डॉक्टर आहे’ असे म्हणताना आपण ‘एक’ घालत नाही, इंग्रजीत मात्र ‘शी इज अ डॉक्टर’ असेच म्हणावे लागते. तेव्हा या चुकांसाठी मुलावर रागावू नये.

दहावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली माहिती शोधणे, शब्दसंपत्ती आणि व्याकरण यांबरोबर स्वतःचे मत मांडण्याचीही कृती असते. तिथे पाठ केलेले उत्तर चालत नाही. मुलाला ‘तुला काय वाटते?’ एवढेच विचारून थांबू नये, तर ‘का वाटते?’ आणि ‘असे तू कुठे पाहिलेस?’ हेही विचारावे. त्याची मराठी उत्तरे तीन लहान इंग्रजी वाक्यांत बसवून घ्यावीत. लांब वाक्याचा आग्रह धरू नये.

तपासताना एका दिवशी एकाच प्रकारची चूक धरावी: आज क्रियापदाचा काळ, उद्या शब्दांचा क्रम, स्पेलिंग सर्वांत शेवटी. चूक खोडरबराने पुसू न देता तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर रूप लिहून घ्यावे, म्हणजे आठवड्याने वही चाळताना मुलाला आपली कोणती चूक सुटली आणि कोणती अजून होते, हे स्वतःच पाहता येते.