राणीच्या बागेचा इतिहास झाडांपासून कसा वाचावा

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, बहुतेक मुंबईकर प्राणी आणि हल्ली पेंग्विन पाहायला जातात. परंतु ही बाग मुळात वनस्पतींसाठी उभारली गेली, आणि तो इतिहास समजून घ्यायचा असेल तर पिंजऱ्यांकडे वळण्याआधी सकाळचे दोन तास झाडांना द्यावेत. बुधवारी बाग बंद असते.

निघण्यापूर्वी वहीत थोडा तपशील टिपून घ्यावा. १८३० साली स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली, आणि भायखळ्याच्या नव्या बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झाले. १८७३ साली बाग नगरपालिकेकडे आली.

आत गेल्यावर झाडाचे शास्त्रीय नाव वाचून ते कोणाच्या नावावरून पडले हे शोधावे, कारण बागेचे जगाशी असलेले नाते तिथेच उलगडते. गोरखचिंचेचे ‘ॲडान्सोनिया’ हे नाव सेनेगलमध्ये तिचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ मिशेल ॲडान्सन यांच्यावरून आले. मूळच्या म्यानमारच्या उर्वशीचे ‘ॲम्हर्स्टिया’ हे नाव गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी ॲम्हर्स्ट आणि त्यांची मुलगी सारा यांच्या सन्मानार्थ ठेवले गेले. मादागास्करच्या कॉल्व्हिलियाच्या नावातले चार्ल्स कॉल्व्हिल मॉरिशसचे गव्हर्नर होण्यापूर्वी मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती होते, हे मला विशेष वाटते. मात्र गोरखचिंचेचा घेर पाहून तिचे वय ठरवू नये. तिचे खोड पाणी साठवते आणि पावसाप्रमाणे फुगते वा आकसते.

झाडांनंतर दगडांकडे यावे. १८७२ साली खुल्या झालेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयाबाहेर जो दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला आणि पुढे जोडून उभा केला गेला. दक्षिण मुंबईतला काळ्या घोड्याचा, म्हणजे घोड्यावर बसलेल्या राजा सातव्या एडवर्डचा, पुतळाही १९६५ साली इथेच आणला गेला.

एका फेरीत हे सारे उरकण्याचा आग्रह धरू नये. एकच झाड निवडून दर महिन्याला त्याच्यापाशी जावे आणि पालवी, फूल, फळ यांची तारीखवार नोंद ठेवावी. फूल मात्र तोडू नये, खाली पडलेलेच उचलावे.