जॉर्ज टाऊनमध्ये दोघांनी निवांत खावं कसं, फिरावं कसं

पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी दुपारी दोनपर्यंत प्रत्येकी चार पदार्थ खाल्ले आणि संध्याकाळी, खाऊगल्ल्या भरायच्या वेळेला, खोलीवर आडवे पडून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून एकच नियम केला: एका वेळी एक प्लेट, तीही दोघांत. पुढचे पाच दिवस फार सुखात गेले. मलेशियाच्या पेनांग बेटावरच्या या शहरात जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी आधी हेच सांगते.

निघण्यापूर्वीचं काम थोडंच आहे. मलेशियात उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरायचं, ते फुकट असतं. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढताना ही सवलत चालू आहे ना, ते बघाच. विमान थेट बेटावर उतरतं. पण वेळ असेल तर क्वालालंपूरहून रेल्वेनं बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला या, साधारण चार तास लागतात. स्टेशनाजवळच्या धक्क्यावरून फेरीत बसलं की समोर हळूहळू शहर मोठं होत जातं.

राहायची खोली जुन्या भागातच घ्या, लेबुह चुलिया या रस्त्याच्या आसपास. हा भाग मलाक्कासोबत २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. इथल्या जुन्या दुकान-घरांपुढे सलग पडवी असते, तिला ‘काकी लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच फूट. ऊन असो की अचानक आलेली सर, तिच्याखालून चालत राहायचं. मध्ये कुठे स्कूटर, कुठे टेबलं आडवी येतात, तेवढं उतरून वळसा घालायचा.

आता मागवायचं कसं, ते नीट समजून घ्या. ‘कोपीटियाम’ म्हणजे जुनं कॉफीचं दुकान. त्यातच वेगवेगळ्या लोकांच्या खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. एकानं टेबल धरायचं, दुसऱ्यानं गाडीवर जाऊन पदार्थ सांगायचा आणि टेबल दाखवायचं. पैसे बहुतेक ठिकाणी प्लेट आल्यावर द्यायचे, म्हणून सुटे रिंगिट जवळ हवेत. पेय विचारायला दुकानाचा माणूस वेगळा येतो. ते घ्यावंच, बसायची जागा त्याची असते. ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्कची कॉफी, ‘कोपी ओ’ म्हणजे साखर घातलेली कोरी, त्याला ‘कोसोंग’ जोडलं की साखरही नाही. गोड कमी हवं तर ‘कुरांग मानिस’ म्हणा.

पहिली प्लेट ‘चार क्वे तिआव’ची घ्या आणि ती होताना गाडीशी उभे राहून बघा. काळ्या कढईखाली जाळ भरारतो, तांदळाच्या रुंद पट्ट्या पडतात, मग सोया सॉस, कोलंबी, मोड आलेले मूग, अंडं. दोन-तीन मिनिटांचा खेळ, आणि चांगला कारागीर एका वेळी एकच प्लेट परततो. रांग सरकत नाही ती त्यामुळे, पण त्या धुराचा वास पट्टीपट्टीला लागतो तोही त्यामुळेच. त्यात अर्धवट शिजलेले शिंपलेही घालतात. पोट नाजूक असेल तर ‘ताक माउ केरांग’ म्हणजे ‘शिंपले नकोत’ असं आधीच सांगा. बऱ्याच चिनी गाड्यांवर डुकराची चरबी वापरतात; चालत नसेल तर ‘हलाल’ची पाटी असलेली गाडी शोधा.

शाकाहारी जोडप्यानं नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण ‘बेलाचान’ हा सुकवलेल्या जवळ्याचा लगदा भाजीतही असतो. त्यांनी ‘素’ ही खूण असलेली चिनी बौद्ध खानावळ बघावी. तिथे बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो. लिटल इंडियात तर प्रश्नच नाही. गाडीवर ‘पुटु मायम’ दिसलं की थांबा. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळसाखर. कोकणातले शिरवाळे ज्यांनी खाल्लेत, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

एक सकाळ एअर इताम या उपनगराला द्या. बसनं जा, पण सुटे पैसे मोजून ठेवा, ड्रायव्हर परत देत नाही. आधी केक लोक सी मंदिर चढून घ्या, मग खाली बाजाराजवळ ‘असाम लाक्सा’, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि नवऱ्याकडे बघितलं, तो म्हणाला, “अगं, हे तर आईचं बांगड्याचं सार!” मासा बांगड्याच्याच कुळातला, आणि आंबटपणा ‘असाम गेलुगोर’च्या सुकवलेल्या कापांचा. हे झाड आपल्या कोकमाचं सख्खं भावंड, गार्सिनिया कुळातलंच. त्यावर पुदिना, अननस, काकडी आणि ‘बुंगा कांतान’ नावाच्या फुलाची गुलाबी कातरण. कोलंबीच्या काळ्या गोड सॉसचा चमचा बाजूला देतात, तो एकदम ढवळू नका. आधी अर्धा वाडगा तसाच खा.

दुपारी एक ते चार चालू नका. लेबुह केंग क्वीमध्ये ‘चेंडोल’ खा, नारळाचं दूध आणि ताडगूळ आहे, बर्फ भरपूर. मग झोप काढा. ऊन कलल्यावर मस्जिद कपितान केलिंगच्या रस्त्यानं पायी निघा. त्या एका रस्त्याच्या आसपास १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी मंदिर, १८३३ चं मारिअम्मन मंदिर आणि मशीद, सगळं येतं. पुढे पाण्यावर खांबांवर उभी चिनी कुळांची घरं आहेत, चू जेटी. तिथे लोक राहतात, दारांतून आत कॅमेरे रोखू नका.

रात्री ‘नासी कांदर’. कांदर म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावरच्या कावडीतून भात आणि कालवणं विकायचे. ‘बांजिर’ म्हटलं की भातावर सगळ्या रश्श्यांचा पूर येतो. एकच ताट घ्या, चमचे दोन.

निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून ‘असाम केपिंग’ म्हणजे त्या सुक्या कापांची पाकिटं घ्या. वजनाला हलकी असतात. बांगड्याच्या आमटीत आमसुलाऐवजी दोन काप टाका, आणि शेवटी पुदिन्याची चार पानं.