मुलांच्या छोट्या क्वाड बाइकचे कॉम्प्रेशन कमी दिसत असेल तर

मुळशी, पानशेत आणि लोणावळ्याकडच्या शेतघरांवर मुलांच्या छोट्या क्वाड बाइक आता पुष्कळ दिसू लागल्या आहेत. या गाड्या सुट्टीत धावतात, पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहतात आणि दिवाळीच्या सुमारास बाहेर काढल्या की सुरू व्हायला तयार नसतात. प्लग नवा आहे, पेट्रोल ताजे आहे, ठिणगीही चांगली पडते आहे आणि तरीही इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजले जाते. गेजवर साठ-सत्तर पीएसआय (दाबाचे एकक) दिसले की रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीची दाब अडवणारी कडी, गेल्या असे गृहीत धरून सिलिंडर किट (सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा) बदलण्याचा निर्णय होतो. या निर्णयापूर्वी थोडे थांबावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. इतक्या लहान इंजिनात हा आकडा सहज चुकीचा येतो, आणि तो खरा असला तरी दोष बरेचदा रिंगांमध्ये नसून व्हॉल्व्हकडे असतो, जो हेड (सिलिंडरवरचे, व्हॉल्व्ह असलेले झाकण) न उघडताही दूर करता येण्याची शक्यता असते.

प्रथम गाडीत कोणते इंजिन आहे ते पाहावे. अगदी लहान मुलांच्या गाड्यांत बहुधा दोरी ओढून सुरू होणारे ४९ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते, ज्यात पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचे) ऑइल मिसळावे लागते. त्याहून मोठ्या गाड्यांत सेल्फ स्टार्टचे, जवळजवळ आडवे बसवलेले ११० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन असते. हे दुसरे इंजिन होंडाच्या जुन्या कब मालिकेच्या रचनेवर बेतलेले आहे, त्यामुळे स्प्लेंडर किंवा सीडी १०० ची कामे केलेल्या मेस्त्रीला त्याची मांडणी ओळखीची वाटते. सुटे भाग मात्र एकमेकांत चालत नाहीत: स्प्लेंडरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मि.मी.चा आहे, तर या ११० सीसी इंजिनांचा बहुधा ५२.४ मि.मी.चा असतो.

मोजणी नीट कशी करावी

कॉम्प्रेशन मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असावा लागतो, कारण बंद कार्ब्युरेटरमधून सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही. मुलांच्या क्वाडमध्ये इथेच एक अडचण असते, जी मोठ्यांच्या गाडीत नसते. मुलाने फार वेग घेऊ नये म्हणून अंगठ्याने दाबायच्या ॲक्सिलरेटरच्या बाजूला एक मर्यादा-स्क्रू दिलेला असतो. तो आत फिरवलेला असेल, तर अंगठा कितीही दाबला तरी कार्ब्युरेटर अर्धाही उघडत नाही आणि गेज कमी आकडा दाखवते. म्हणून मोजण्यापूर्वी स्क्रू किती फेरे आत आहे ते मोजून लिहून ठेवावे, तो बाहेर काढावा, चोक पूर्ण उघडा (हवेची वाट मोकळी) ठेवावा आणि काम झाल्यावर स्क्रू तेवढेच फेरे पुन्हा आत बसवावा. हे शेवटचे विसरले, तर सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती अचानक पूर्ण ताकदीची गाडी जाते.

दुसरी बाब गेजची. बाजारात सहज मिळणारे गेज मोटारीच्या इंजिनासाठी बनवलेले असते. ११० सीसीच्या इंजिनात कॉम्प्रेशनचे प्रमाण ९:१ धरले, तर पिस्टन वरच्या टोकाला असताना वर उरणारी जागा साधारण १३ सीसीच असते. आतून ५ मि.मी. व्यासाची, २५ सें.मी. लांब रबरी नळी म्हणजे जवळपास ५ सीसीची जादा जागा झाली. ती धरून हेच प्रमाण सुमारे ६.८ वर उतरते आणि उत्तम अवस्थेतले इंजिनही आजारी भासते. ४९ सीसीच्या इंजिनात हा फरक आणखी वाढतो. यासाठी एकेरी वाटेचा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असलेले गेजच वापरावे. तो हरवला म्हणून टायरच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह तिथे बसवू नये, कारण त्याची स्प्रिंग जास्त कडक असते आणि तेवढा दाब आकड्यातून वजा होतो. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्लगचा आटा बहुधा १० मि.मी.चा आणि टू-स्ट्रोकचा १४ मि.मी.चा असतो, जोडणीचा तुकडा लावावा लागलाच, तर शक्य तितका आखूड घ्यावा.

बॅटरी पूर्ण चार्ज असावी, म्हणजे गाडी बंद असताना तिच्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावेत. मंद फिरणारा सेल्फ खरा आकडा देत नाही. सीडीआयचा (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) जोड काढून ठिणगी बंद करावी, म्हणजे प्लगच्या छिद्रातून उडणारे पेट्रोल पेटण्याचा धोका राहत नाही. त्यानंतर गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवावे, ही मोजणी तीनदा करावी आणि तीनही आकडे लिहावेत. ते एकमेकांच्या जवळ नसतील, तर आधी गेजच्या टोकाचे सील तपासावे.

निरोगी ११० सीसी फोर-स्ट्रोकमध्ये साधारण १२० ते १७० पीएसआय, तर छोट्या टू-स्ट्रोकमध्ये १०० ते १२० पीएसआय मिळावेत; नव्वदच्या खाली गेल्यावर दोन्ही इंजिने सुरू होताना कुरकुर करतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे मुंबईत १५० दाखवणारे इंजिन येथे १४० च्या आसपास दाखवील. तो दोष समजू नये. काही फोर-स्ट्रोक इंजिनांच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) डीकॉम्प्रेशनची सोयही असते, जी सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते; अशा इंजिनाचा आकडा मुळातच कमी येतो, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी.

आकडा खरोखरच कमी असेल तर आधी टॅपेट

फोर-स्ट्रोक इंजिनात पहिली तपासणी टॅपेटच्या फटीची, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि तो दाबणारा रॉकर यांमधल्या फटीची, करावी. व्हॉल्व्ह वारंवार आपटून हळूहळू सीटमध्ये रुततो, त्यामुळे त्याचा दांडा रॉकरच्या दिशेने सरकतो आणि मधली फट कमी होत शेवटी संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब तिथून निसटतो. गाडी थंड असताना कशीबशी सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, हे लक्षण दिसले तर माझा पहिला संशय येथेच असतो, कारण तापलेला दांडा लांबतो आणि उरलीसुरली फटही नाहीशी होते.

ही फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावी; सकाळची वेळ उत्तम. प्लग काढावा, डाव्या बाजूच्या कव्हरची गोल झाकणे काढून फ्लायव्हीलचा (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाचा) नट दिसू द्यावा (अशी झाकणे नसतील, तर संपूर्ण कव्हर काढावे लागते) आणि इंजिन डावीकडून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत ‘टी’ ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणावी. या स्थितीत दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील, तर एक पूर्ण फेरा आणखी द्यावा. दोन्ही वेळा एखादा रॉकर घट्टच राहिला, तर दोष हाती लागला असे समजण्यास हरकत नाही. मात्र त्याची खात्री हेडच्या बाजूचे गोल झाकण काढून कॅमच्या दातेरी चाकावरची ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेशी जुळते का, हे पाहून करावी. ‘टी’ जुळते आणि ‘ओ’ एखाद-दुसऱ्या दात्याने सरकलेली आहे, असे आढळले तर टायमिंग चेनने उडी घेतलेली आहे, आणि कमी कॉम्प्रेशनचे कारण तेच आहे.

या इंजिनांसाठी दोन्ही व्हॉल्व्हची फट बहुधा ०.०५ मि.मी. सांगितलेली असते. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) तेवढी पात किंचित ओढ लागून सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. फट दुरुस्त केल्यावर कॉम्प्रेशनही पुन्हा मोजावे. आकडा वर आला, तर पुढचे काही उघडण्याची गरज नाही.

दाब कुठून निसटतो ते शोधणे

टॅपेट बरोबर असूनही आकडा कमीच असेल, तर प्लगच्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजण्याची जुनी पद्धत आहे: आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. उभ्या सिलिंडरमध्ये ही पद्धत ठीक चालते. आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल खालच्या बाजूला साचते आणि वरच्या बाजूच्या रिंगेपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय १३ सीसीच्या जागेत ५ मि.लि. ऑइल ओतले, तर जागा आक्रसल्यामुळेच आकडा वाढतो आणि निर्दोष रिंगांवर ठपका येतो. म्हणून औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजने २ मि.लि.हून जास्त ऑइल घालू नये, इंजिन काही फेरे फिरवून ते पसरू द्यावे, आणि या चाचणीवर एकटीवर विसंबू नये.

अधिक विश्वासाची चाचणी हवेची आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला नेमका आणावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागची चाके उचलून घ्यावीत, गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह काढून तिच्यातून सिलिंडरमध्ये ३० पीएसआय हवा सोडावी. एवढ्या दाबानेही ५२.४ मि.मी.च्या पिस्टनवर सुमारे ४५ किलोचा जोर येतो, त्यामुळे पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असला तरी इंजिन झटक्याने फिरू शकते. फ्लायव्हीलवर पाना ठेवू नये, चेनजवळ बोटे नेऊ नयेत आणि मुलांना त्या वेळी लांब ठेवावे. मग कान लावून ऐकावे. कार्ब्युरेटरमधून सुसकारा आला तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो आहे, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या छिद्रातून आला तर रिंगा किंवा सिलिंडर. हेडच्या जोडावर साबणाचे पाणी लावले असता बुडबुडे आले, तर गॅस्केट. रिंगांमधून थोडी हवा चांगल्या इंजिनातही जाते, व्हॉल्व्हमधून मात्र जाता कामा नये.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत व्हॉल्व्ह गळण्याचे एक साधे कारण असते. इंजिन थांबताना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर दमट हवा आत जाऊन सीटवर गंज धरतो. हेड काढून इनलेट आणि एक्झॉस्टच्या वाटांत थोडे रॉकेल ओतावे. व्हॉल्व्हच्या कडेने ते पाझरले तर ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग करावे, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवावा, आणि पेस्टचा कणही मागे राहू देऊ नये. गाडी ठेवून देताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ठेवला, तर दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि हा प्रश्न बराचसा टळतो.

सिलिंडर काढल्यावर नवी रिंग पिस्टनने बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट मोजावी, आणि जुनी रिंगही तशीच मोजावी. जुनीची फट ०.५ मि.मी.च्या पुढे गेली असेल, तर ती बदलावी. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला अडकणारे उभे ओरखडे असतील, तर नुसत्या रिंगा बदलून पैसे वाया जातील. तेव्हाच पूर्ण किट घ्यावे. पुण्यात असे भाग शोधायला नाना पेठेत जाताना जुना पिस्टन आणि गॅस्केट सोबत न्यावे, कारण गाडीच्या नावापेक्षा मापावरून भाग लवकर मिळतो.

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह आणि टॅपेट नसल्यामुळे शोध लवकर संपतो. सायलेन्सर सोडवून एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्चने पाहावे: पिस्टनवर उभे चट्टे दिसले, किंवा रिंग काडीने दाबल्यावर आत-बाहेर होत नसेल, तर कारण समोर आहे. ऑइल कमी पडणे हे याचे नेहमीचे मूळ असते. पुस्तिकेत २५:१ सांगितले असेल, तर एक लिटर पेट्रोलला ४० मि.लि. ऑइल लागते, आणि ते अंदाजाने न ओतता मोजून घालावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा शोषून घेते, म्हणून ऑइल मिसळलेले पेट्रोल टाकीत पावसाळाभर ठेवू नये.

रिंगा झिजण्याचे कारण आपल्याकडे बहुतेक वेळा धूळ असते. फेब्रुवारी ते मे या काळात मुरुमाच्या वाटांवर या बुटक्या गाड्या स्वतःच उडवलेल्या धुळीत धावतात. फोमचा फिल्टर कोरडा असेल, फाटलेला असेल किंवा त्यामागची रबरी नळी चिरलेली असेल, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ही वाट न शोधता किट बदलले, तर नव्या रिंगाही एका उन्हाळ्यात जातील. फोम धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावूनच बसवावा.

जोडणी करताना गॅस्केट नवे घ्यावे, रिंगांवरची खूण वर ठेवावी, फोर-स्ट्रोकमध्ये रिंगांची तोंडे एकमेकांपासून दूर वळवावीत आणि हेडचे नट समोरासमोरचे घेत दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. तांब्याचे वॉशर ज्या जागेवरून निघाले तिथेच परत बसवावे, नाही तर ऑइल गळते. नव्या रिंगांचा पहिला आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि रिंगा बसत जातात तसा वाढतो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. पहिली चाचणी चाके उचलून जागेवर घ्यावी. सोसायटीच्या बाहेरच्या रस्त्यावर मुलाला चालवायला देऊन ती मुळीच घेऊ नये, कारण अल्पवयीनाने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकालाच जबाबदार धरले जाते. काही तास गाडी चालल्यावर थंड इंजिनात टॅपेट पुन्हा मोजावे, कॉम्प्रेशनचा आकडा तारखेसह पुस्तिकेत लिहावा, आणि पुढच्या वर्षी त्याच गेजने घेतलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.