परसातली माती अडवणारा कोरडा गडगा: कमी खर्चात स्वतः कसा रचावा

कोकणात घर बांधताना बहुतेक वेळा टेकाड तासून जोत्यापुरती जागा सपाट करून घेतली जाते, आणि मग घराच्या मागे किंवा कडेला दोन-तीन फूट उंचीची मातीची कड उघडी पडते. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत त्या कडेची माती परसात उतरू लागते, लावलेली अबोली आणि अळू गाळाखाली जातात, आणि घरातले कोणीतरी सिमेंटची भिंत घालण्याचा विषय काढते. कंबरेपर्यंतच्या उंचीसाठी मात्र सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी यांवर पैसे घालण्याची गरज नसते. जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा कोरडा, म्हणजे सिमेंट-चुन्याचा कोणताही माल न वापरता रचलेला गडगा हे काम चांगले करतो, आणि घरातल्या दोन धडधाकट माणसांना तो सुट्टीच्या दिवसांत हळूहळू रचता येतो.

येथे एक फरक आधीच ध्यानात घ्यावा. आपल्या ओळखीचा गडगा असतो तो कुंपणाचा. त्याला दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि त्याने फक्त स्वतःचे वजन पेलायचे असते. माती अडवणाऱ्या गडग्याच्या पाठीवर सतत भार असतो, आणि हा भार उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत पुढे उलथवण्याचा जोर आठपट होतो. त्यात मागे पाणी साठून राहिले तर कोरड्या मातीच्या तुलनेत रेटा जवळजवळ दुप्पट होतो, आणि म्हणूनच अशा भिंती मे महिन्यात पडल्याचे क्वचितच ऐकू येते, त्या पडतात आषाढात. स्वस्तात भिंत बांधायची तर पैसा आणि कष्ट या दोन गोष्टींवर घालावेत, तळाची रुंदी आणि पाण्याची वाट. बाकी सर्व त्यानंतर.

स्वतः करण्याच्या कामाची मर्यादा मी जमिनीवर तीन फूट उंचीची धरतो. त्याहून उंच कड असेल, किंवा कडेच्या वरच्या अंगाला लगतच घराची भिंत, गाडीचा रस्ता, पाण्याची टाकी वा शौचालयाचा खड्डा असेल, तर उंची कमी असली तरीही अभियंत्याला दाखवल्याशिवाय हात घालू नये. चार-पाच फुटांची कड असेल आणि मागे जागा मोकळी असेल, तर एका उंच भिंतीऐवजी दोन बुटके गडगे पायऱ्यांसारखे घालता येतात. मात्र दोन्हींमधले अंतर खालच्या गडग्याच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवावे, नाहीतर वरच्याचा भार खालच्यावर येतो आणि दोन गडगे घालण्याचा हेतूच उरत नाही.

कामाची खरी सुरुवात कुदळ हातात घेण्याच्या आधीच्या पावसाळ्यात होते. सलग चार-पाच दिवस पाऊस लागला की छत्री घेऊन कडेपाशी जावे आणि पाणी वरून वाहत येते की कडेच्या पोटातून झिरपते, उमाळे कोठे फुटतात, पागोळ्यांचे पाणी कोणत्या बाजूला जाते, हे पाहून त्या जागी खुंट्या ठोकून ठेवाव्यात. कड शेजाऱ्याच्या हद्दीलगत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. गडग्याच्या वितीवरून चालणारे दावे कोकणात नवे नाहीत, आणि मोजणीची फी वकिलाच्या फीपेक्षा नेहमीच कमी असते. खोदकाम दिवाळीनंतर काढावे, कारण तेव्हा जमीन ओलसर आणि नरम असते. रचण्याचे काम वैशाखापर्यंत संपवायचेच, असे ठरवून चालावे.

आता दगडाविषयी. तीस फूट लांब आणि जमिनीवर तीन फूट उंच गडगा धरला, त्याचा तळ दोन फूट रुंद, माथा दीड फूट रुंद आणि एक फूट भाग जमिनीखाली, तर रचलेल्या दगडाचे माप साधारण 220 घनफूट भरते. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हे सव्वादोन ब्रास झाले. पण गाडीतून ओतलेल्या डबरात, म्हणजे न घडवलेल्या दगडांत, रचलेल्या दगडापेक्षा पोकळी जास्त असते, त्यामुळे पावणेतीन ब्रासचा हिशेब धरावा. पाठीमागच्या भरावासाठी आणखी एक ब्रास बारीक डबर किंवा मोठी खडी लागेल. पैसे वाचवण्याची मुख्य जागा हीच आहे. चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्याचे ठोकळे (चिरे) काढतात तेथे, कोपरे तुटलेले, मापात न बसणारे चिरे आणि त्यांचे तुकडे अखंड चिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि गडग्याला अखंड चिरा लागतोच असे नाही. जुने घर पाडले जात असेल तर तेथला दगड केवळ वाहतुकीच्या खर्चात मिळू शकतो. जांभा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो, म्हणून ताजा माल आणला असेल तर तो थोडे दिवस उघड्यावर राहू द्यावा. हातोडीचा हलका ठोका मारल्यावर ज्याचा भुगा पडतो तो तुकडा समोरच्या दर्शनी भागात न घालता मागच्या भरावात घालावा. चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि सात इंच उंचीचा चिरा साधारण तीस किलोचा भरतो. तो कमरेत वाकून न उचलता गुडघ्यात बसून उचलावा.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. दगडांचा जुना ढीग किंवा पडका गडगा उसकताना हात आधी घालू नये, दगड पहारीने उलटवून पाहावा आणि मगच हात लावावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा ढिगाखाली फुरसे हा विषारी साप असणे ही नित्याची गोष्ट आहे. जाड हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट हा या कामातला टाळू नये असा खर्च आहे.

पायासाठी कडेच्या पायथ्याशी दोरी लावून तीन फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणावा. दोन फूट गडग्याला आणि एक फूट मागच्या भरावाला. मऊ माती, मुळे, जुना भराव जे काही लागेल ते काढून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जावे, आणि त्यासाठी फूटभराहून खोल जावे लागले तरी जावे. चराचा तळ टेकाडाच्या बाजूला किंचित कलता ठेवावा, दोन फुटांत सुमारे दोन इंच, म्हणजे प्रत्येक थर आपोआप मातीवर रेलतो. जमीन लांबीच्या दिशेनेही उतरती असेल तर तळ तिरका न ठेवता पायऱ्या पाडून घ्याव्यात, आणि पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरावी. तीस फुटांच्या कामात तिच्याइतके स्वस्त आणि अचूक साधन दुसरे नाही. कड सरळ उभी कापावी लागत असेल तर एका वेळी सात-आठ फुटांचाच भाग कापून तेवढा गडगा आधी उभा करावा. सबंध कड एकदम उघडी करून ठेवणे धोक्याचे आहे.

रचण्याआधी दोन्ही टोकांना बांबूचे किंवा रिपांचे साचे रोवावेत. त्यांची पुढची बाजू तीन फुटांच्या उंचीत सहा इंच मागे झुकलेली असावी, आणि दोन साच्यांमध्ये ताणलेली दोरी प्रत्येक थरागणिक वर सरकवत न्यावी. सर्वांत मोठे, सपाट बुडाचे दगड तळाला घालावेत. दगड बसवताना त्याची लांब बाजू टेकाडाच्या पोटात जायला हवी. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून लांब दगड आडवा, चेहऱ्याला समांतर ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, पण असा दगड फक्त पापुद्रा असतो आणि मागून रेटा आला की तोच आधी सुटतो. दगड ठेवल्यावर त्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने तळव्याने दाब द्यावा. तो डुगडुगला तर उचलून फिरवून पाहावा, तरीही नाही बसला तर मागच्या बाजूने कपची, म्हणजे दगडाचा पाचरीसारखा तुकडा, मारून पक्का करावा. समोरून मारलेली कपची काही दिवसांत निसटते आणि वरचा दगड पुढे कलतो. चांगला बसलेला दगड वर उभे राहिले तरी हलत नाही आणि त्याचा माथा किंचित आत उतरता राहतो. वरच्या थरातला दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर यावा. लागोपाठ तीन थरांत एकच उभा सांधा आला की भेग तेथूनच जाणार, म्हणून प्रत्येक थर संपल्यावर चार पावले मागे जाऊन सांधे तपासावेत. दर तीन-चार फुटांवर, मध्यावरच्या एका थरात, दर्शनी भागापासून मागच्या भरावापर्यंत पोचणारा एकेक लांब दगड घालावा. असे दगड गाडीतून उतरवतानाच वेगळे काढून ठेवलेले बरे.

मागचा भराव गडगा पुरा झाल्यावर ओतायचा नसतो, तो प्रत्येक थराबरोबर वर येतो. गडग्याच्या पाठीला लागून फूटभर रुंदीत बारीक डबर आणि खडी हाताने बसवत जावी, आणि तिच्यामागे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून धुम्मसाने ठोकावा. ठोकताना गडग्याच्या अगदी लगत जोर लावू नये. खडी आणि माती यांच्यामध्ये न विणलेले जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारे पण माती अडवणारे कापड मिळाले तर उत्तम. ते नसेल तर मोठ्या खडीमागे बारीक खडी आणि तिच्यामागे भरड रेती असा क्रम ठेवावा, म्हणजे पाणी सुटते आणि माती अडते. प्लास्टिकचा कागद कधीही घालू नये, आणि पोकळी भरायला फुकट मिळतात म्हणून नारळाची सोडणेही घालू नयेत, कारण ती कुजली की मागे पोकळी होऊन वरची माती खचते. ज्या जागी पावसाळ्यात खुंट्या ठोकल्या होत्या, तेथे खडीच्या तळाशी चार इंची पीव्हीसी पाइप भोके पाडून, भोके खाली करून, तीस फुटांना चार इंच उतार देऊन बसवावा आणि त्याचे तोंड गडग्याच्या टोकाबाहेर मोकळे सोडावे.

माथ्यावर जड, सपाट दगड आडवे लावून त्यांच्यामागे वीतभर चांगली माती घालावी. वरून येणारे पाणी गडग्यापर्यंत पोचूच नये म्हणून दोन-तीन फूट मागे उथळ चर काढून ते कडेला वळवावे, आणि पागोळ्या त्या बाजूला पडत असतील तर पन्हळ लावावी. माथ्यालगत वाळा लावल्यास त्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरतात. आंबा, फणस यांसारखे मोठे झाड जवळ लावू नये, आणि सांध्यात उगवलेले वड-पिंपळाचे रोप बोटभर असतानाच उपटावे.

देशावर काळ्या मातीत हेच काम करायचे असेल तर अधिक सावध राहावे. ती माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत न्यावा आणि मागच्या भरावात ती मुळीच वापरू नये. ज्यांना सिमेंटचीच भिंत हवी आहे त्यांनी तळाजवळ दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाइपाची छिद्रे ठेवावीत आणि मागची खडी तशीच घालावी. चार इंची विटेची भिंत मात्र माती अडवण्यासाठी उभारू नये. ती पडद्याची भिंत आहे.

पहिल्या पावसाळ्यात गडगा थोडा बसतो, दोन-चार कपच्या सुटतात, त्याची काळजी नसावी. पाऊस उघडल्यावर पुन्हा दोरी ताणून पाहावे. मधला भाग इंचाहून अधिक पुढे आला असेल तर तेवढाच भाग वरून उतरवून दगड क्रमाने परसात मांडावेत, मागची गाळाने बुजलेली खडी बदलावी आणि तेच दगड पुन्हा रचावेत.