घरच्या संगणकासाठी एसएसडी, हार्ड डिस्क की रेड?

घरच्या संगणकासाठी डिस्क घ्यायची म्हटली की एसएसडी, हार्ड डिस्क आणि रेड हे तिन्ही पर्याय एकाच तागडीत टाकले जातात आणि घोळ तिथेच सुरू होतो. पहिली दोन माहिती साठवण्याची साधने आहेत (एसएसडी ती चिपमध्ये साठवते, हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवर), तर रेड ही अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची पद्धत आहे. त्यामुळे तिचा विचार आधीचे दोन निर्णय झाल्यावरच करावा. खरेदीपूर्वी दोन आकडे कागदावर लिहून काढावेत. रोज वापरात असलेले प्रोग्राम व फायली यांना किती जागा लागते हा पहिला, आणि एकदा ठेवल्यावर महिनोन्‌महिने हात न लागणारे फोटो व व्हिडिओ किती आहेत हा दुसरा. पहिल्या आकड्यावरून एसएसडीची क्षमता ठरते, दुसऱ्यावरून हार्ड डिस्कची.

ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवरच असावी, याबाबत माझ्या मनात शंका नाही. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असली, तरी एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, म्हणजे हेडखाली, येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हेड जागेवर सरकण्याचा वेळ वेगळाच. विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपास वाचने झाली की अशा डिस्कचा दम संपतो, आणि संगणक सुरू होताना नेमक्या अशाच हजारो फायली वाचल्या जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ही वाट पाहणे जवळपास नाहीसे होते. म्हणूनच जुना संगणक संथ वाटू लागला आणि त्यात अजून हार्ड डिस्कच असेल, तर नवा संगणक घेण्याआधी डिस्क बदलून पाहावी.

एसएसडी संगणकाला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी साटा आणि नवी एनव्हीएमई; त्यांतली कोणती घ्यावी, हा पुढचा प्रश्न. साटा जोडणी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडते. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस या संगणकातील वेगवान मार्गावर चालणाऱ्या चांगल्या एनव्हीएमई डिस्क ७००० एमबीपर्यंत जातात. मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला हा फरक जाणवतो, पत्रव्यवहार आणि ब्राउझर वापरणाऱ्याला फारसा नाही. खरी काळजी घ्यायची ती एम-टू खाचेची, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावर (मदरबोर्डवर) पट्टीच्या आकाराची एसएसडी बसवायच्या खाचेची. २२८० असे लिहिलेली पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, पण त्याच मापाची पट्टी साटाचीही असू शकते आणि एनव्हीएमईचीही. खाच कोणती चालवते हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीती खरी असली, तरी घरापुरती ती अतिरंजित आहे. एक टीबीच्या अनेक डिस्कना ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी तो आकडा गाठायला ३२ वर्षे लागतील. त्यापेक्षा क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) प्रकाराकडे लक्ष द्यावे, कारण मोठी फाईल उतरवताना तिचा वेगवान राखीव भाग भरला की लेखनाचा वेग एकदम कोसळतो, कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली. थोडे जास्त पैसे देणे शक्य असेल, तर टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) घ्यावी.

मोठ्या संग्रहासाठी मात्र हार्ड डिस्क अजूनही परवडते. तिच्यात एसएमआर आणि सीएमआर असे दोन प्रकार आहेत. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात; सीएमआरमध्ये त्या सुट्या असतात. अधूनमधून बॅकअप घेण्यास एसएमआर चालते. रेडसाठी सीएमआरच घ्यावी.

आता रेडविषयी. १९८८ साली बर्कलेच्या विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी आपल्या निबंधात मांडलेली ही कल्पना अशी की, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र कराव्यात आणि त्यांतली एखादी बिघडली तरी काम थांबू नये. रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. रेड शून्यमध्ये माहिती दोन डिस्कवर वाटली जाते आणि एक गेली की सगळेच जाते. महत्त्वाचे काहीही तिच्यावर ठेवू नये. रेड एकमध्ये दोन्ही डिस्कवर हुबेहूब तीच माहिती असते. रेड पाचला किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकी जागा सुरक्षिततेसाठी जाते.

मीही एकेकाळी रेड एकवर निर्धास्त होतो. एका संध्याकाळी फोल्डर आवरताना फोटोंचे एक अख्खे वर्ष चुकून पुसले गेले आणि दुसऱ्या डिस्कवर ते असेल म्हणून पाहिले, तर तिथूनही ते त्याच क्षणी गेलेले होते. दुसऱ्या डिस्कने आपले काम चोख बजावले होते; बॅकअप ठेवणे हे तिचे काम नव्हतेच. पुसणे, व्हायरस, चोरी, विजेचा झटका यांपैकी कशापासूनही रेड वाचवत नाही.

म्हणून घरी दोनच डिस्कचे पैसे असतील, तर दुसरी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क असावी, तिच्यावर आठवड्याला बॅकअप घ्यावा आणि काम झाले की ती काढून ठेवावी. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नये, कारण वीज न मिळाल्यास तिच्या पेशींतील विद्युतभार हळूहळू गळतो. तिसरी प्रत घराबाहेर असावी. हे सगळे झाल्यावर, घरातील अनेकांना सतत लागणारा सामाईक साठा असेल तरच रेड एक करावी, आणि तीही मदरबोर्डवरच्या सोयीने नव्हे, तर ऑपरेटिंग सिस्टीममधून, म्हणजे बोर्ड बिघडल्यास डिस्क दुसऱ्या संगणकावर वाचता येतील. रेड एकमधली चार टीबीची बिघडलेली डिस्क बदलल्यावर सेकंदाला १५० एमबीच्या वेगानेही नवी प्रत तयार व्हायला सात तासांहून अधिक लागतात, आणि तेवढा वेळ सगळा भार उरलेल्या एकाच डिस्कवर असतो. त्यामुळे बदली सुरू करण्यापूर्वी बॅकअप ताजा करावा. तो बॅकअप दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातल्या सर्वांत जुन्या फोल्डरमधले चार-पाच फोटो प्रत्यक्ष उघडून पाहावेत.