एक नंबरचा बावटा आणि तीन मीटरची लाट: समुद्राचा अंदाज वाचताना या चुका टाळा

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याची खूण, चढला की सगळे थांबतात. एक नंबर चढला की कोणी मान वर करून पाहतही नाही. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पक्का बसलेला आहे, आणि चार-पाच दिवसांसाठी लांब जाणाऱ्या नौकेच्या बाबतीत तो चक्क उलटा आहे.

बावट्याचे आकडे म्हणजे तापाचा पारा नव्हे. १ नंबर सांगतो की दूर समुद्रात खराब हवेचा पट्टा आहे, त्यातून वादळ होऊ शकते. २ नंबर सांगतो की दूर समुद्रात वादळ झाले आहे. बंदरात बसलेल्याला भीती नाही, बाहेर पडणाऱ्याला आहे. ३ नंबर खुद्द बंदरावर सोसाट्याचा वारा येणार म्हणून लावतात. म्हणजे १ आणि २ हे मुळात लांबवर जाणाऱ्या तांडेलासाठीच (नौकेच्या प्रमुखासाठीच) असतात, आणि तोच ते सोडून देतो. पुढची गंमत अशी की ५, ६ आणि ७ मध्ये वाऱ्याचा जोर वाढत नाही. वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार की थेट अंगावर येणार, एवढाच फरक त्यात असतो. ८, ९, १० चेही तसेच, फक्त वादळ जास्त तीव्र. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला.

किलोमीटर की नॉट?

मोबाइलवर ४० दिसले आणि ‘चाळीसच आहे, होईल’ म्हणून निघाले, हे नेहमीचे. हे चाळीस कशाचे, ते आधी पाहा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ताशी ४० किलोमीटर म्हणजे साधारण २२ नॉट. जोराचा वारा, पण सवयीचा. ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटर, म्हणजे सरळ झंझावात. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत ३४ नॉटपासून पुढे चक्रीवादळच मोजले जाते. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग पावणेदोनपट झाला की केबिनवरचा दाब तिपटीच्या वर जातो. अॅपमध्ये मोठ्या अक्षरात येतो तो सरासरी वेग. झोताचा आकडा बाजूला बारीक छापलेला असतो, आणि नौका आडवी करतो तो झोत.

लाटेचा आकडा सगळ्या लाटांच्या सरासरीचाही नसतो

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. बुलेटिनमध्ये ‘लाटांची उंची ३ मीटर’ असे येते तेव्हा प्रत्येक लाट तीन मीटरची, असे नाही. तीनच्या वर एकही जाणार नाही, असे तर मुळीच नाही. ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटा घेऊन त्यांची ही सरासरी काढतात. बऱ्याचशा लाटा त्याहून लहान असतात. पण काही तास तिथे राहिलात तर जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणार, हे गृहीतच धरायचे. म्हणजे तीनच्या बुलेटिनला सहाची तयारी हवी. ‘समुद्र खवळलेला’ हाही वर्णनाचा शब्द नाही, मापाचा आहे: अडीच ते चार मीटर. चार ते सहा झाले की ‘अतिशय खवळलेला’.

उंचीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन लाटांमधला वेळ, आणि ती कोणी विचारत नाही. तीन मीटरची लाट १४ सेकंदांनी येत असेल तर खोल पाण्यात दोन माथ्यांमध्ये सुमारे ३०० मीटर अंतर पडते. नौका सावकाश चढते, सावकाश उतरते. तीच उंची ६ सेकंदांनी येत असेल तर अंतर उरते ५५ मीटरच्या आसपास. आधीच्या लाटेतून नाळ (नौकेचे पुढचे टोक) वर निघायच्या आत पुढची डेकवर. इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात हे सेकंद दिलेले असतात. उंची कळली की लगेच सेकंद पाहण्याची सवय लावून घ्या.

पण लांब सेकंदांची लाट खोलात गरीब असली तरी उथळात गरीब राहत नाही. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर उठलेल्या वादळाच्या लाटा चार-पाच दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर येतात. वर निळे आभाळ, वारा पडलेला, आणि घरात पाणी. मलयाळी कोळी तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळ किनाऱ्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला गेले, तरी कोकणात उधाणाचा मार बसलाच. ‘वादळ लांब गेले’ या बातमीवर नांगर उचलू नका.

निघतानाची हवा पाहून निघणे

फयान वादळ आठवा. नोव्हेंबर २००९. पावसाळी मासेमारी बंदीचा काळ कधीच संपलेला, दर्या शांत, मासळीचे दिवस. लक्षद्वीपच्या बाजूला डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची, कमी दाबाची पायरी) तयार झाले आणि दोन-अडीच दिवसांत, ११ नोव्हेंबरला, चक्रीवादळाने अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनारा ओलांडला. २०१७ च्या ओखीने तर २९ नोव्हेंबरला डिप्रेशन आणि ३० ला कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ, एवढीच सवड दिली. केरळ-तामिळनाडूच्या नौका वाट फुटेल तिकडे गेल्या, त्यातल्या कित्येक देवगडला येऊन टेकल्या.

म्हणून हिशेब परतीचा करा. ६० सागरी मैल बाहेर असाल तर शांत पाण्यात आठ नॉटने साडेसात तास लागतात. समोरून लाट आणि वारा घेत चार नॉटवर आलात की तेच पंधरा तास होतात. इशारा ऐकून जाळे ओढायला दोन-तीन तास गेले ते वेगळेच. मच्छीमारांसाठीचा इशारा पाच दिवसांचा, भागवार येतो. पहिला दिवस पाहून बाकीचे चार सोडले तर तो पाहून उपयोग नाही.

एवढे करून किनारा दिसला तरी ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखात शिरण्याची घाई नको. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारी लाट भिडतात, तिथे लाट उभी राहून फुटते. आंजर्ल्यासारख्या गाळ भरलेल्या मुखात तर जास्तच. भरतीची वाट पाहत बाहेर दोन तास हेलकावे खाणे परवडते.

इंजिन नेमके तेव्हाच का बंद पडते?

तांडेल याला नशीब म्हणतात. माझ्या मते ते टाकीच्या तळाचे काम आहे. डिझेलच्या टाकीत वर्षभराचा गाळ आणि पाणी बसलेले असते. नौका डोलायला लागली की ते ढवळून वर येते, फिल्टर तुंबतो आणि इंजिन गप्प होते. मग नौका आडवी पडते आणि लाट कुशीवर बसते. जून-जुलैच्या बंदीत जाळी शिवतात, रंग देतात. टाकी मात्र कोणी उघडत नाही. ती साफ करा आणि दोन जादा फिल्टर हाताशी ठेवा. बर्फाच्या खणातले थर्माकोलचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात, तेही वेळीच काढा.

इंजिन गेलेच तर नाळेवरून लांब दोर सोडा. त्याला टोपल्या, जड जाळे, मिळेल ते बांधा. त्याच्या ओढीने नाळ लाटेकडे राहते. दोर इंजिनाच्या पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जाणार नाही एवढे पाहा.

आणि मोबाइलला रेंज येईल म्हणून थांबू नका. व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ उघडा ठेवा, पण त्याची पोच नजरेच्या टप्प्याएवढीच असते हे ध्यानात असू द्या. किनाऱ्याजवळ रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा. लांब असाल तर डॅटचे, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश धाडणाऱ्या यंत्राचे, बटण दाबा. नव्या पिढीच्या डॅटवर संदेश पोहोचल्याची पोचही परत येते. ‘अजून थोडे पाहू’ म्हणत ते बटण उशिरा दाबले जाते आणि तोवर अंधार पडलेला असतो. पाणी पंपाला आवरेनासे झाले, त्याच क्षणी दाबा.